गेरूची भिंत, बत्तीस बाय बत्तीस: प्रकल्प नोंदी

१८ जून २०२२, शनिवार

काय करायचं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' या व्हिडिओ गेममधल्या माझ्या बेटावरच्या घराची डावी खोली रिकामी करून तिथे वारली चित्रांचं दालन मांडायचं. खोली सहा बाय सहा चौकोनांची. घरासमोर अंगण, आणि अंगणाच्या जमिनीवर वारल्यांचा तारपा नाच. मुदत गणपतीपर्यंत, म्हणजे ३१ ऑगस्ट. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर एक तास, जास्त नाही. या खेळात घाई चालतच नाही. त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं, आज मागवलेली वस्तू उद्याच्या टपालाने येते. दिवसभर शाळेच्या घंटेवर धावल्यानंतर मला हा संथपणाच हवा असतो.

हे सुचलं ते खेळातल्या संग्रहालयामुळे. निन्टेंडोने २० मार्च २०२० ला खेळ आणला आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयाला कलादालन जोडलं. ब्लेदर्स नावाचं घुबड तिथला अभिरक्षक. आपण आणून देऊ ते तो तपासतो आणि दालनात लावतो. एकूण ४३ कलाकृती आहेत: ३० चित्रं, १३ शिल्पं. काल माझी एकतिसावी लागली आणि मी एकेका पाटीसमोर उभी राहून वाचत गेले. व्हर्मीर, होकुसाई, देलाक्रवा. इजिप्तची नेफर्टिटी, मेक्सिकोचं ओल्मेक डोकं, चीनचं कांस्यपात्र, जपानची दोगू मूर्ती, हवाईचा राजा कामेहामेहा. उरलेल्या बारांची यादीही पाहिली. भारतातलं एकही काम नाही.

तक्रार नाही. ४३ वस्तूंत जग कसं मावणार? पण हाच खेळ आपल्याला कोरा कागदही देतो. मी सात वर्षं पालघरच्या बाजूला शाळेत चित्रकला शिकवते आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली ज्या भिंतींच्या घरांतून येतात, त्या भिंती माझ्या बेटावर असाव्यात असं फार वाटलं.

२० जून

कोऱ्या कागदाचा हिशेब: बत्तीस बाय बत्तीस, म्हणजे १०२४ ठिपके. रंग पंधरा, शिवाय पारदर्शक. रंगछटा, गडदपणा आणि उजेड अशा तीन पट्ट्या सरकवून प्रत्येक रंग आपणच तयार करायचा.

वारलीला खरे तर दोनच रंग लागतात, गेरूचा आणि तांदळाच्या पिठाचा. मला वाटलं, सोपं आहे. अर्धा तास एका माणसावर गेला. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोकं, रेघेचे हातपाय. त्रिकोणाची ओळ पाच ठिपक्यांची, मग तीन, मग एक, पुन्हा तीन, पुन्हा पाच. डोकं दोन बाय दोन. पाय तीन ओळींचे. सगळा माणूस दहा ठिपक्यांच्या उंचीत उभा राहतो. कंबर एकाच ठिपक्याची. तो एक ठिपका पुसला की माणूस दोन तुकडे होऊन पडतो. कंबर जरा जाड, दोन ठिपक्यांची केली तर त्याच्यातला नाच जातो. हे वर्गात खडूने काढताना माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण खडूने रेघ आपोआप बारीक होते.

आणखी एक गोष्ट कळली. खेळ ठिपके जसेच्या तसे दाखवत नाही, शेजारचे ठिपके जोडून कडा गुळगुळीत करतो. तिरके ठेवलेले ठिपके एकसंध रेघ होऊन येतात. म्हणून काढताना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, भिंतीवर लावून बघायचं आणि परत यायचं.

२४ जून

आज गेरू. पूर्ण भिंतीला एकच तपकिरी रंग दिला आणि ती भिंत प्लॅस्टिकची वाटली. खऱ्या भिंतीवर आधी शेणामातीचा हात फिरलेला असतो, त्यावर गेरू. बोटांचे फराटे राहतात, कुठे माती वर आलेली असते. चार तपकिरी छटा घेऊन डाग टाकले. मग दुसरी अडचण. आपली नक्षी भिंतीचा कागद म्हणून लावली की तीच ती चौकट ओळीने येत राहते. एक जरी डाग ठळक असला तरी तो पाचदहा ठिकाणी दिसतो आणि डोळा तिथेच जातो. उपाय: चारही छटा एकमेकींच्या अगदी जवळच्या, एकही डाग तीन ठिपक्यांहून मोठा नाही, आणि चौकटीच्या कडेला डागच नाही. सातव्या खेपेला भिंत भिंतीसारखी झाली. खोलीत दुसरं काही नसताना बराच वेळ तिथेच थांबले.

२६ जून, रविवार

तुलनेसाठी जुनी खटपट बाहेर काढली. एप्रिल २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने एक सोय केली होती. त्यांच्या संग्रहातलं चित्र निवडायचं, त्याचं बत्तीस बाय बत्तीस रूप तयार होतं, आणि क्यूआर कोड फोनवरून वाचला की चित्र बेटावर येतं. लगेच न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानेही आपल्या चार लाखांहून अधिक मुक्त प्रतिमांसाठी तसंच केलं. तेव्हा सगळीकडे दारं बंद होती. मी दोन चित्रं आणली होती: गेटीचं व्हॅन गॉगचं आयरिसच्या फुलांचं, आणि मेटकडची होकुसाईची लाट.

आज दोन्ही शेजारी लावली. फुलांचा निळा-हिरवा लगदा झाला आहे. लाट मात्र टिकली. तिचा पंजा, मागचा इवलासा फुजी, सगळं ओळखू येतं. कारण लाट मुळात लाकडी ठशाची आहे, रेषा ठाम, रंग मोजके. व्हॅन गॉगचं सगळं बळ कुंचल्याच्या फटकाऱ्यात, आणि फटकारा १०२४ चौकोनांत मावत नाही. म्हणजे वारली चित्र इथे नेताना ते यंत्राकडून बारीक करून घ्यायचं नाही. ठिपका ठिपका हाताने बांधायचं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचं एखादं चित्र उतरवून घेऊ का, हाही विचार मनात होता. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले, आणि त्यातून गंजाडच्या म्हशेंचं काम जगापुढे आलं. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये ते गेले. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रं मी छापील पाहिली आहेत. त्या जाळ्यातली एकेक रेघ केसाएवढी. ती बत्तीस ठिपक्यांत कोंबणं म्हणजे त्यांच्या रेघेचा अपमान. नाही करायचं.

५ जुलै

मुख्य कामाबाहेरची नोंद, पण लिहायलाच हवी.

चित्रं विकणारा रेड नावाचा कोल्हा आहे. त्याच्याकडे खरं-खोटं मिसळलेलं असतं, किंमत एकच, ४,९८० बेल्स (हे खेळातलं चलन). खेळात गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात झालेल्या सुधारणेनंतर त्याची गाडी दुसऱ्या एका बेटावर कायमची उभी असते आणि दर सोमवारी दोन नव्या वस्तू येतात. काल व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी घेतली. आज टपालाने आली, ब्लेदर्सकडे नेली, आणि त्याने अवघडून सांगितलं की ही नक्कल आहे. डूल मोत्याचा नव्हता, चांदणीच्या आकाराचा होता. मी रात्री, थकलेल्या डोळ्यांनी, "हे तर ओळखीचं चित्र" म्हणून घेतलं होतं. ओळखीचं होतं म्हणूनच पाहिलं नाही.

मग उलट सुरुवात केली. मूळ चित्र मोठं करून समोर ठेवलं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, साधारण १६६५ चं. तो मोती म्हणजे काय, तर वर एक पांढरा फटका आणि खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब. कडा काढलेलीच नाही. डोळा स्वतः गोल पूर्ण करतो. एवढी वर्षं मुलांना हे चित्र दाखवते आहे आणि हे मी आज पाहिलं.

खोट्या कामांतल्या खुणा मन लावून ठेवलेल्या आहेत. थाळीफेक्याच्या मनगटावर घड्याळ. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या हाताखाली पुस्तक. मिलोच्या व्हीनसच्या गळ्यात हार. रोझेटा शिळा निळी. चिनी मातीच्या सैनिकाच्या हातात फावडं. मोनालिसाच्या भुवया चढलेल्या. व्हर्मीरच्याच दूध ओतणाऱ्या बाईच्या भांड्यातून धार नको तेवढी जाड. त्या चित्रात सगळं घर शांत आहे ते त्या बारीक धारेमुळे, हे जाड धार पाहिल्यावरच कळतं. वारा आणि वीज या जपानी देवांचं चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, त्याच्या नकलेत दोघांचे रंग अदलाबदल झालेले असतात.

नक्कल दुकानात विकता येत नाही, संग्रहालयही घेत नाही. फेकून देता येते. मी तळघरात लावली. रात्री तिथे गेले तर मुलीने डोळे मिटलेले होते. खेळातल्या काही नकला रात्री अशा बदलतात. माहीत असूनही अंगावर काटा आला.

१० जुलै, आषाढी एकादशी

काही केलं नाही. संग्रहालयात फक्त चालून आले. तिथे आपली पावलं दगडी जमिनीवर घुमतात. कानाला हेडफोन लावून तेवढंच ऐकलं.

१७ जुलै, रविवार

आज सगळा आराखडा बदलला.

मूळ बेत असा होता: समोरच्या भिंतीवर मधोमध लग्नचौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ते चित्र. चार पॅनेलं जोडून चौसष्ट बाय चौसष्टचा. सभोवती नक्षीची चौकट, आत पालघाट देवी. निम्मा झालाही होता, आणि दिसत सुंदर होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः चित्रं काढून विकते. आज ती घरी आली होती. मी टीव्हीला जोडून दाखवलं. तिने माणसं पाहिली, हसली, म्हणाली, "बाई, कंबर बरोबर जमली." मग चौक पाहिला. थोडा वेळ काही बोलली नाही.

"बाई, इथं लगीन कोणाचं आहे?"

मी म्हटलं, लग्न नाही गं, दालन आहे, लोक बघायला येतील.

"मग चौक कशाला?" तिने एवढंच विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं नोंदवते. तिच्या घरी चौक सुवासिनी काढतात, लग्नाच्या वेळी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते तेव्हा देवी तिथे येते. लग्न झालं की चौक भिंतीवर राहतो, धुराने काळा होतो, पावसाने ओघळतो, पुढच्या सारवणात जातो. तो जपून ठेवायचा नसतो. ती स्वतः कागदावर विकायला चौक काढते का, असं मी विचारलं. म्हणाली, काढते, गिऱ्हाईक मागतं. पण भिंतीवर उगीच काढत नाही.

मला पटलं. कागद वेगळा, भिंत वेगळी. मी जे करते आहे ती भिंत आहे. खेळातली असली तरी मी तिला सात खेपा गेरू दिला तो भिंत म्हणूनच. ती गेल्यावर चारही पॅनेलं पुसली.

१८ जुलै

समोरची भिंत रिकामी ठेवायची. नुसता गेरू. काय उणं आहे ते सांगणारी पाटीही नाही. बाकी तीन बाजूंना रोजचं जगणं: भाताची लावणी, माडावर चढणारा माणूस, मुंग्यांचं वारूळ, उखळाशी दोघी बाया, बैलगाडी. ही चित्रं कोणाचीही उतरवलेली नाहीत. वर्गातून, रस्त्यावरून, मला दिसलेली.

२३ ते ३१ जुलै

रोज एक पॅनेल. लिहिण्यासारखं फार नाही. बैल जमत नव्हता, त्याची शिंगं एक ठिपका वर नेली आणि जमला. वारूळ पहिल्याच दिवशी जमलं. ते मुळात त्रिकोणच आहे.

७ ऑगस्ट

अंगण. यावर पूर्ण आठवडा गेला आणि सगळ्यात जास्त शिकले तेही इथेच.

जमिनीवर नक्षीचे चौकोन एकाला एक लावले की सांधा दिसत नाही. चार बाय चार, म्हणजे सोळा चौकोन, १२८ बाय १२८ ठिपके. मधोमध तारपा वाजवणारा. वाळलेला दुधी आणि बांबूच्या नळ्या असलेलं ते वाद्य जवळजवळ माणसाएवढं लांब असतं, म्हणून त्याला बावीस ठिपके दिले. त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी, गोगलगाईच्या शंखासारखी उलगडत जाणारी. तारप्याकडे कोणी पाठ करत नाही.

अडचण अशी की साखळी वळते तसा प्रत्येक माणूस थोडा थोडा वळतो, आणि ठिपक्यांच्या जाळीत माणूस वळवता येत नाही. उभा सोपा, आडवा सोपा, तिरका अशक्य. शाळेतला आलेख कागद घेऊन बसले. शेवटी तीन माणसं तयार केली: सरळ, थोडा झुकलेला, पूर्ण तिरका. बाकीचे सगळे त्यांचीच उलटी-पालटी रूपं. तिरक्या माणसाचे त्रिकोण त्रिकोण राहत नाहीत, पायऱ्या होतात. पण खेळ कडा गुळगुळीत करतो तेव्हा त्या पायऱ्या मिटतात. जी गोष्ट जूनमध्ये अडचण वाटली होती तिनेच इथे हात दिला.

दुसरी चूक: सातवा आणि दहावा चौकोन अदलाबदल झाले. एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्यावर. दोन संध्याकाळी चूक ठिपक्यांत शोधत होते, ती क्रमांकात होती. आता आलेखाच्या प्रत्येक चौकोनावर मोठ्या अक्षरात आकडा घातला आहे.

एकूण ४१ माणसं. बेटावर पाऊस पडत होता तेव्हा मी त्या नाचाच्या कडेने फिरले. वरून पाऊल टाकवलं नाही.

१४ ऑगस्ट

पाट्या. खेळात मराठी नाही, म्हणून अक्षरंही चित्र म्हणूनच काढायची. देवनागरी या जाळीत फार छान बसते, कारण शिरोरेषा हा एक सरळ धागा आयता मिळतो आणि अक्षरं त्याला लटकवता येतात. 'तारपा' अठ्ठावीस ठिपक्यांत बसला. 'लावणी'ला वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, म्हणून शिरोरेषा चार ओळी खाली घेतली. मग सगळ्या पाट्यांची शिरोरेषा त्याच उंचीवर आणली, नाहीतर ओळीने लावल्यावर हेलकावे दिसतात. 'उखळ'मधला ख हट्टी निघाला. र आणि व सुटे दिसू नयेत म्हणून दोघांच्या तळाला एक ठिपक्याचा दुवा दिला.

इंग्रजी पाटी केली नाही. ज्यांना वाचता येईल त्यांनी वाचावी, इतरांनी चित्र बघावं.

१९ ऑगस्ट

उजेड. गेल्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या खेळाच्या विस्तारात प्राण्यांची सुट्टीची घरं सजवून देण्याचं काम आहे. ते करत गेलं की आडभिंती, खांब आणि दिव्यांचा रंग-तीव्रता बदलण्याची सोय हाती येते आणि पुढे स्वतःच्या घरातही वापरता येते. मी ती घरं मनापासून केली, त्याचा आता उपयोग झाला.

एक आडभिंत दाराच्या समोरच उभी केली. आत शिरल्या शिरल्या रिकामी भिंत दिसू नये. आधी लावणी, मग वळून बैलगाडी, मग उखळ, आणि शेवटी ती. दिवे आधी पांढरे ठेवले होते, चित्रं ठळक दिसावीत म्हणून. पण पांढऱ्या उजेडात गेरू मेलेला दिसतो. पिवळा केला, तीव्रता निम्म्यावर आणली. कुडाच्या घरात दारातून येतो तितकाच उजेड. पांढरी माणसं आता अंधारातून हळूहळू वर येतात, आणि बघायला थांबावं लागतं.

२२ ऑगस्ट

सातवीच्या वर्गात तळघरातल्या नकलांचे फोटो नेले होते. जूनपासून पाच जमल्या आहेत. मूळ चित्र फळ्याच्या डाव्या बाजूला, नक्कल उजव्या बाजूला, काय वेगळं ते शोधा. घड्याळ सगळ्यांनी लगेच धरलं. दुधाची धार मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने. म्हणाली, "बाई, एवढं ओतलं तर सांडेल." तिच्या घरी म्हशी आहेत. त्या तासाला एकानेही घंटा कधी होणार असं विचारलं नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

माझी विद्यार्थिनी पुन्हा आली. मुद्दाम बोलावलं होतं. कंट्रोलर तिच्याच हातात दिला. अंगणात नाचाच्या कडेने गेली, आत शिरली, आडभिंत वळून एकेक पॅनेल पाहत राहिली. उखळापाशी थांबली, "ही उजवी बाई माझ्या आजीसारखी वाकते," म्हणाली. शेवटच्या भिंतीसमोर आली. नुसता गेरू. तिथे बराच वेळ होती. मी काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही.

मग परत अंगणात आली आणि नाचाभोवती एक फेरी मारली.

"बाई, कोंबडी कुठाय?"

खरंच की. एवढं अंगण, एवढी माणसं, आणि एकही कोंबडी नाही. खालच्या डाव्या चौकोनात जागा होती. आम्ही दोघींनी मिळून बसवली, नऊ ठिपके रुंद, सात उंच. शेपटी तिने सांगितली तशी, दोन ठिपके मागे आणि एक वर. पिल्लं तीन, प्रत्येकी तीन ठिपक्यांची. चौथं पिल्लू तिने नाचणाऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवलं.